पहिल्या जोडाची ऊब

१२ नोव्हेंबर

मुंगे,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते. नाहीतर बोलण्याच्या भरात राहून जातील आणि तुझी काकू म्हणेल, आई, पत्र तसंच कोरडं गेलं. लिहितेय तीच. मी बोलतेय आणि एक डोळा वाळत घातलेल्या पुठ्ठ्यांवर ठेवलाय. तुला माहीतच आहे, जन्मभर पुस्तकं शिवली पण अक्षराशी माझी ओळख बाहेरूनच. पान उलटं लागलं तर मी लगेच पकडते. सुलट्या पानावर काय लिहिलंय ते मला विचारू नये.

तू फोन करत जाऊ नकोस. फोनात मला तुझा आवाज येत नाही, कुणीतरी पॉलिश पेपर घासत बसल्यासारखं येतं. पत्र बरं. दोनदा वाचून घेता येतं आणि उशीखाली ठेवता येतं.

आमच्याकडे एका मोठ्या शब्दकोशाच्या बांधणीचं काम आलंय. एकेक पुस्तक म्हणजे वीट. छापलेल्या कागदाच्या घड्या घालायच्या, त्यांचे फर्मे करायचे, एका फर्म्याला दुसरा शिवायचा, आणि हे संपतच नाही. जगातले सगळे शब्द माझ्या बोटांखालून जातात, एकही चिकटत नाही. काकूने नव्या बायका घेतल्या. बायका आल्या तसा उजेड कमी पडायला लागला. तुझ्या काकाने जाण्याआधी दारापासून त्या एलईडी ट्यूब लावल्या होत्या ना, एकीच्या शेपटात दुसरीचं डोकं खुपसायचं अशा, त्याच माळेला काकू पुढे जोडत गेली. बाई आली की ट्यूब आली. माळ आता कटिंग मशीनच्याही पुढे पोचलीय आणि शेवटच्या ट्यूबच्या शेपटाला टेबलपंखा लावलाय. उजेड म्हणजे असा की माझ्या हनुवटीवरचे केस परक्या बायका मोजतात.

आता गंमत ऐक. तुझा काका परत आलाय.

(असं लिहायचं नाही म्हणाले मी. पण ऐकत नाहीत. – काकू)

लिही गं. संध्याकाळी बायका गेल्या की तुझी काकू बटण बंद करते, आणि दिवे विझतात पण मरत नाहीत. अख्ख्या माळेत दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखा उजेड मागे राहतो. त्यात वाचता यायचं नाही, पण कुणी उभं आहे की नाही तेवढं दिसेल. आम्ही दोघी उभ्या राहतो. पहिली ट्यूब दुसरीला जिथे जुळते, दाराच्या बरोबर वर, तिथली फळी तेव्हा उबदार असते. काकू स्टुलावर चढून तिथे तळहात ठेवते. म्हणते, ह्यांच्या हातावर ठेवल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, जिवंत होता तेव्हा काम संपल्यावर इथे एक क्षण थांबायचा नाही. चपला पायात आणि पाय रस्त्यावर. मेल्यावर बरा घरकोंबडा झाला.

(आई थट्टा करतात. पण रोज थांबतात त्यासुद्धा. – काकू)

तू दिव्यांची कारागीर. तुमच्या धंद्यात अशा पाहुण्यांचं काय करतात ते कळव.

तुझी
आजी


२० नोव्हेंबर

आजी,

तुझं पत्र शिडीवर बसून वाचलं. इथे एका गोदामात दिवे बसवतेय. आधी इतकी हसले की खालचा मिस्त्री ओरडला. मग तेच पत्र परत वाचलं आणि हसू आलं नाही.

आधी तो मागे राहणारा उजेड. दिव्याला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, ती फेज. दुसरीतून परत जाते, ती न्यूट्रल. बटणाने येणारी तार तोडायची असते. तुमच्याकडे कुणीतरी जाणारी तोडलीय. त्यामुळे बटण बंद केलं तरी वीज दिव्यांपर्यंत येऊन उभी असते, आणि एलईडीला मिणमिणायला तिचा एक थेंब पुरतो. म्हणून बटण बंद आहे असं बघून त्या माळेला कुणीही हात लावायचा नाही. काकूने तर नाहीच.

पण मला खरी धास्ती त्या उबेची आहे. अशा ट्यूब एकीला एक जोडता येतात, पण हव्या तितक्या नाही. काकाने त्या आणल्या तेव्हा मी तिथेच होते. त्याने मला खोका वाचायला लावला होता. एका माळेत सगळं मिळून शंभर वॅट. त्या ट्यूब वीस-वीस वॅटच्या, म्हणजे पाच. काका म्हणाला होता, "पाच म्हणजे पाच. सहावी लावायची तर बोर्डापासून नवी तार ओढायची."

का, ते सांगते. शेवटच्या ट्यूबला लागणारी वीज पहिल्या ट्यूबच्या पोटातून जाते. मधल्या सगळ्यांचीही तिथूनच जाते. पंख्याचीही. शेवटचा जोड आपल्यापुरतं वाहतो, पहिला जोड सगळ्यांचं वाहतो, आणि त्याच्या आतली तार तुमच्या शिवायच्या दोऱ्याहून फार जाड नसते. ऊब नेमकी तिथेच लागते ती म्हणून.

ट्यूब किती झाल्या ते कळवा. नव्या ट्यूब जास्त वॅटच्या आहेत का? जोडापाशी पिवळं पडलंय का? कसला वास येतो का? तोवर मीटरजवळचा मेन स्विच बंद करून पंखा काढा, आणि पाचवीच्या पुढच्या सगळ्या ट्यूब काढा. हे नुसतं सांभाळून वापरण्यातलं काम नाही, लगेच करण्यातलं आहे.

तुझी
मुंगी


३ डिसेंबर

मुंगे,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काकूने वाचून दाखवलं. मागे उजेड राहणं हा एलईडीचा स्वभावच असतो असं लिहिलंस, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं. दिवे चांगले आहेत, सांभाळून वापरा, हेही ठीक. मला वाटलं होतं मोठं भाषण येईल. लहानपणी तू चमचा भिंतीजवळ नेला तरी घर डोक्यावर घ्यायचीस. वय झालं की माणूस निवळतं म्हणायचं.

आता पुढचं. तुझ्या काकाचा वासही यायला लागलाय.

सरस आठवतो ना तुला? काका ते पिवळे खडे रात्रभर भिजवायचा आणि सकाळी मंद आचेवर कढवत बसायचा. जनावराच्या हाडाकातड्याचा तो जळका, गोडसर वास. अंगाला लागला की अंघोळीने जायचा नाही. लग्न ठरलं तेव्हा तुझ्या काकूच्या आईने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, मुलाला काही आजार आहे का. तो गेला आणि आम्ही पांढऱ्या गोंदावर आलो. सरसाचं भांडंसुद्धा घरात उरलं नाही. तरी दुपार कलली की दारापाशी तो वास येतो. मला येतो, काकूला येतो. परवा एक नवी बाई नाक वर करून म्हणाली, "काहीतरी करपतंय का हो?" तुझी काकू कधी कुणावर आवाज चढवत नाही. तिने त्या बाईला सगळ्यांसमोर झापलं. म्हणाली, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, तुम्ही बोलू नका. बिचारी फर्मे छातीशी धरून बसली.

(वास खरा आहे. आम्हा दोघींनाही एकाच वेळी येतो. भास असता तर एकीला आला असता. – काकू)

आणि माळ मधूनच डोळे मिचकावते. मी त्याला म्हटलं, नुसता डोळे काय मारतोस, आलाच आहेस तर चार फर्मे शीव. बायका हसल्या. काकू हसली नाही.

तुझी
आजी


७ डिसेंबर

काकू,

हे पत्र फक्त तुला.

आजीचं पत्र तुझ्या अक्षरात वाचलं आणि कळलं की मी लिहिलेलं तू तिला वाचून दाखवलंच नाहीस. 'एलईडीचा स्वभाव' असं मी कुठेही लिहिलं नव्हतं. तू ते माझ्या तोंडी घातलंस, आणि आजीने मला त्याबद्दल शाबासकी पाठवली. माझ्या नावाने तुमच्या घरात कुणीतरी दुसरीच बोलतेय.

मी रागावलेली नाही, घाबरलेय. फोन केला तेव्हा तू "सगळं ठीक आहे गं" म्हणालीस आणि मागे टेबलपंखा फिरत होता.

तो सरसाचा वास नाही. जोडाची टोपी प्लास्टिकची असते. ती तापून वितळायला लागली की असा वास सुटतो. कुणाला मासळीसारखा येतो, कुणाला जळक्या केसांसारखा. तुम्हा दोघींच्या नाकाला त्या खोलीत जळका वास म्हणजे सरस एवढंच माहीत आहे. त्या नव्या बाईने काकाला पाहिलं नव्हतं, म्हणून तिला जळणं हे जळणं म्हणून ओळखता आलं. तू तिची माफी मागायला हवीस.

डोळे मिचकावणंही तेच. आतला जोड सैल झालाय. सुटतोय, ठिणगी पडतेय, पुन्हा चिकटतोय. त्याच्या मागे लाकडाची फळी. फळीमागे कागदाचा भुगा. खोलीला दार एकच, आणि ते बरोबर त्या जोडाखाली. पेटलं तर बायकांनी कुठून बाहेर पडायचं? आजीला कोण उचलणार?

मी रजा मागितलीय. नाही मिळाली तर न घेता येईन. तोवर एकही ट्यूब लावू नकोस. उद्यापासून नाही, हे वाचून झाल्यापासून.

तो काका नाही, काकू. मलाही आवडलं असतं, तो असता तर.

मुंगी


११ डिसेंबर

मुंगी,

आईंचं बोलणं लिहून लिहून माझ्याही वाक्यांना त्यांचं वळण लागलंय. म्हणून आधीच सांगते, हे पत्र माझं आहे, त्यांना माहीत नाही.

हो, मी वाचलं नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मी दोन्ही तारांचं वाचलं असतं तर त्या उठून मेन स्विच बंद करायला गेल्या असत्या. तू त्यांना ओळखतेस.

खोक्यावरचं मला नवं नाही. खोका अजून फळीवर आहे. ह्यांनी त्या शंभराच्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केलाय. सहावी ट्यूब जोडली त्या दिवशी मी तो खोका भिंतीकडे तोंड करून ठेवला.

पाच होत्या तेव्हा ऊब नव्हती, हे तुला मी आपणहून सांगते. सहावीलाही नव्हती. मग कधीतरी एका संध्याकाळी फळी कोमट लागली. पुढची ट्यूब लावली, जरा जास्त लागली. तू म्हणशील ते विजेचं गणित. मला वाटलं, ह्यांनी उभं केलेलं मी वाढवतेय, एकेक बाई बसवतेय, तसे ते एकेक पाऊल जवळ येतायत. शेवटची ट्यूब लावली तिथे कुणी बसत नाही, मुंगी. तिथे रिकाम्या पुठ्ठ्यांचा ढीग आहे.

हे गेले ते भर दुपारी. पुस्तकं दाबायच्या प्रेसचं चाक फिरवता फिरवता खाली बसले. मी हात धरला तेव्हा तो गार होत चालला होता. मी चोळत राहिले. डॉक्टर आले, त्यांनी माझे हात बाजूला केले, तोपर्यंत चोळत होते. गरम झाला नाही. इतकंच सांगते, पुढचं तू समजून घे.

शब्दकोश हातावेगळा होऊ दे. मग तू म्हणशील तसं करू. तोवर येऊ नकोस आणि आईंना काही कळवू नकोस. त्या बाईला मी सॉरी म्हणाले.

काकू


१४ डिसेंबर

मुंगे,

आज अक्षर वेगळं दिसेल. घाबरू नकोस, काकू धडधाकट आहे. हे पत्र आमच्या समोरचा चष्मेवाला लिहितोय. माणूस भला आहे, पण दर वाक्याला विचारतो, पूर्णविराम देऊ का. मी म्हटलं माझं बोलणं संपलं की दे, म्हणजे मी मेल्यावर.

झालं असं. चार दिवसांमागे तुझं पाकीट आलं. मी पाहिलं. काकूने ते ओट्यावर फोडलं आणि मला वाचून दाखवलं नाही. विचारलं तर म्हणाली, पत्र नव्हतं, कागद होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. परवा दुपारी पडल्यापडल्या उशीखालचं तुझं आधीचं पत्र काढलं. वाचता येत नाही, पण कागद मला कळतो. जन्म गेला कोरी पानं आणि छापलेली पानं बोटांनी वेगळी काढण्यात. तू पेन असं दाबतेस की कागदाच्या पाठीवर उठाव येतो. त्या पाठीवरून बोट फिरवलं. काठोकाठ भरलेलं पत्र! एका ठिकाणी तर इतकं दाबलंस की कागद फाटायचा राहिलाय. आणि काकूने वाचलं होतं ते मी पाण्याचा घोट घेईपर्यंत संपलं होतं.

चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. चष्मेवाल्याला म्हटलं, बाबा, नजर तपासायची नाही, नजर उसनी हवीय. त्याने वाचलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत बसली. ते पाचाचं आलं तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, आजी, तुमच्याकडे किती आहेत? मी परत रस्ता ओलांडून मोजून आले. बारा. त्यातल्या नव्या लांब. आणि पंखा.

मुंगे, तुझं ते पहिल्या जोडाचं मला लगेच कळलं, तुला आश्चर्य वाटेल. जाड पुस्तक एकाच दोऱ्यावर ओढत नेलं की शेवटचा फर्मा छान बसतो आणि पहिला फाटतो. आम्ही नव्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. कागदाच्या बाबतीत जे डोळ्यांत तेल घालून बघतो, ते डोक्यावर टांगलेलं होतं आणि बघितलं नाही. वर बघून नुसतं हसत होते.

मग मी सरळ गेले, मेन स्विच खाली ओढला, त्यातला पांढरा फ्यूज उपसला आणि कनवटीला लावला. भर कामात. बायका ओरडल्या. काकू धावत आली, माझ्याकडे बघितलं, समोरून चष्मेवाला बघत होता तिकडे बघितलं, आणि समजली. मला वाटलं रडेल. रडली नाही. अगदी हळू म्हणाली, "तुम्ही त्यांना दुसऱ्यांदा मारलंत."

सासू म्हणून मी पुष्कळ ऐकलंय. ऐकवलंही पुष्कळ. हे पहिल्यांदाच ऐकलं.

(येथे आजी थोडा वेळ थांबल्या. – लेखनिक)

असलं काही लिहू नकोस रे बाबा.

आता काम दाराच्या उजेडात चालतं. दारात दोन बायका मावतात. शब्दकोश कासवासारखा चाललाय. काकू मला ताट वाढते, समोर बसते आणि बोलत नाही. संध्याकाळी ती आत जाऊन त्या मेलेल्या माळेखाली उभी राहते. मी जात नाही.

तुला वाटेल म्हातारी मोठी शूर. नाही. मी थट्टा करत होते ती काय उगाच? काकू पाणी आणायला गेली की मीही त्या स्टुलावर चढायचे. माझ्या या गुडघ्यांनी. तो तिचा नवरा होता तसा माझा मुलगा होता. तळहात टेकला की मला त्याचं लहानपणीचं तापातलं कपाळ लागायचं. म्हणून तुला एकच विचारते, नीट विचार करून सांग. जळणं तेवढं काढून टाकता येईल आणि संध्याकाळचा तो मंद उजेड तेवढा ठेवता येईल, असं काही तुमच्या विद्येत आहे का? असेल तर तसं कर. मी फ्यूज तुझ्याच हातात देईन.

दे आता पूर्णविराम.

आजी


१७ डिसेंबर

आजी आणि काकू,

दोघींना एकच पत्र. चष्मेवाल्या काकांनी मोठ्याने वाचावं आणि दोघींनी ऐकावं.

आजी, तू विचारलंस ते करता येतं. तेच अवघड आहे. मी माळ तोडून तीन केल्या, प्रत्येकीला बोर्डापासून वेगळी तार दिली, पंखा बाजूला काढला आणि ते बटण चुकीच्या तारेवर तसंच सोडलं, तर आग लागणार नाही. आणि संध्याकाळी दिवे आत्तासारखे मिणमिणत राहतील.

मग कधीतरी एखादी ट्यूब जाईल. बदलायला कुणीतरी शिडीवर चढेल. बटण बंद आहे ना, हे बघून चढेल. आणि वीज तिथे उभी असेल. तुमच्याकडे शिडीवर चढणारी एकच आहे, काकू. उबेसाठी तुम्ही दोघी स्टुलावर चढत होतात तेव्हाही वीज तिथे उभी होती, तुमच्या बोटांपासून एवढ्याशा अंतरावर. मला ते डोळ्यांसमोरून हलत नाही.

म्हणून मी ते बटण तसं सोडणार नाही. छोटा रात्रीचा दिवा लावून देऊ शकते. पण तो मी लावलेला दिवा असेल, हे तुम्हाला माहीत असेल.

काकू, तू लिहिलेलं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी रविवारी सकाळी पोचते. फ्यूज आजीच्या कनवटीलाच राहू दे.

मुंगी


२९ डिसेंबर

मुंगे,

नीट पोचलीस हे कळलं. अक्षर ओळखलंसच. चष्मेवाला जरा हिरमुसला. म्हणाला, माझं काही चुकलं का? म्हटलं, नाही रे, तुझे पूर्णविराम फार उत्तम होते.

तू घाईत निघालीस म्हणून मागचं राहिलं ते सांगते. तू जोड उघडलास तेव्हा मी मान वर करून बघत होते. टोपी गुळाच्या पाकासारखी खाली ओघळलेली. आणि मागची फळी काढलीस तर तळहाताएवढं काळं. कोळसा झालेला, बोट लावलं की भुगा पडत होता, आणि त्या भुग्याखाली कागदाचा भुगा. काकू किती वेळ ते बघत होती. तिने आपला हात वर नेला आणि त्या डागाशी नेऊन थांबवला. लावला नाही. बरोबर तेवढाच होता.

बटणाचं शेवटचं तू स्वतः केलं नाहीस, पेचकस तिच्या हातात दिलास. मला वाटलं ती तो तुला फेकून मारणार. मीही मागे सरकले होते. तिने चष्मा पुसला, तू दाखवलीस ती तार पकडली आणि स्क्रू घट्ट केला. मग परत फिरवून पाहिला, घट्ट आहे ना म्हणून. ते तिने केलं म्हणून झालं, मुंगे. तू केलं असतंस तर तू गेल्यावर ती आयुष्यभर त्या बटणाकडे बघत बसली असती.

तीन माळा छान चालतात. बायका खूश आहेत. पंखा आपल्या वेगळ्या प्लगवर फिरतो. शब्दकोश पुढे सरकलाय.

आता ती पहिली संध्याकाळ. तू दुपारच्या गाडीने गेलीस. बायका गेल्या. मी मशीनशी बसले होते, काकू दारापाशी, बटणावर बोट ठेवून. मला म्हणाली, "आई, करू?" मी म्हटलं, कर.

काळोख झाला. मुंगे, फ्यूज काढल्यापासून मी संध्याकाळी आत गेलेच नव्हते, आणि त्याआधी इतके महिने तिथे असा अंधार झालाच नव्हता गं. टेबल कुठे, प्रेस कुठे, काही नाही. मला माझा हात दिसेना. वास नाही, आवाज नाही. नुसती एक खोली. मला कळेना ती अजून दारात आहे की बाहेर गेली. आणि मग माझ्याच तोंडून निघालं, तो पोरगा असताना खेळातून घरात बोलवायचे तसं. नाव नाही, काही नाही. म्हटलं, "पुरे झालं आता. किती वेळ उभा राहशील? जेवायला चल."

कुणी हललं नाही. मी वाट बघत होते हे लपवत नाही. अंधारात डोळे फाडून बघत होते.

मग दारापासून आवाज आला, "आले, आई."

इथे तुझी काकू लिहायची थांबलीय. म्हणते, हे तुला कळवायचं कशाला. मी म्हटलं, लिही.

भिंतीला धरून, टेबलाला धरून, माझ्यापर्यंत आली. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळत बाहेर पडलो आणि दाराला कुलूप घातलं. घरी येऊन ताटं घेतली. तिने दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

तुला खरं सांगते, हाक मी कुणाला मारली ते मला अजून ठाऊक नाही. पण आली ती.

तुझी
आजी